तोडणीची यादी आणि सातशे सत्त्याहत्तर

दोन हजार सालानंतर काही वर्षे मी दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचा संगणक विभाग सांभाळत होतो. त्याआधी शिरूरला गणित शिकवत असे, म्हणून कारखान्यातही सगळे मला मास्तरच म्हणत. तोडणीचा क्रम सभासदांना पडद्यावर दिसावा, असे तेव्हा ठरले. ज्याची लागण, म्हणजे उसाची लागवड, आधी, त्याचा ऊस आधी. शेतकी विभागाच्या व्हरांड्यात मॉनिटर टांगायचा आणि त्यावरचे पान आमच्याच लिनक्स सर्व्हरवरून चालवायचे. त्यासाठी पुण्याहून एक इंजिनिअर आला.

सर्व्हरच्या खोलीत आम्ही चपला काढून जात असू. हा बूट घालून शिरला, ते मी सोडून दिले. पण सोबत आलेली सूचनांची फाइल त्याने उघडलीसुद्धा नाही. प्रश्न न वाचता उत्तर लिहायला घेणारी मुले मी बरीच पाहिली होती. त्यांना निदान मिशा नसत.

पान उघडेना. पडद्यावर एकच ओळ आली : परवानगी नाही. ही चूक नसते, हे उत्तर असते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलवर तिघांचे हक्क ठरवावे लागतात : मालक, त्याचा गट आणि इतर. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचे एक, बेरीज सात. कोणाला किती द्यायचे, एवढाच विचार करायचा असतो. त्याने तो टाळला आणि सगळ्यांना सगळे देऊन टाकले, सातशे सत्त्याहत्तर. पान उघडले.

"झालं सर," म्हणून त्याने चहा मागवला.

"आता ऑफिसातल्या कोणालाही यादी बदलता येईल," मी म्हणालो.

"इथं कोणाला जमणारे ते, सर?"

मुख्य पासवर्ड तो दुसऱ्या दिवशी निघताना देणार होता. तोवर मी यादीची प्रत फ्लॉपीवर घेऊन ठेवली.

त्याच संध्याकाळी राहू गावचे एक वयस्कर सभासद व्हरांड्यात आले. त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांच्या उसाला तुरा आला होता. तुरा आलेला ऊस आतून पोकळ होत जातो आणि वजनाला घटतो. आणखी पंधरा दिवस तो रानात उभा ठेवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना पडद्यावरचा क्रमांक वाचून दाखवला. चौथा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले.

"मास्तर, काल चवथा व्हतो. आज एकतिसावा हाय. रातीतनं माझी लागण मागं सरकली का काय?"

इंजिनिअर तोवर पासवर्ड देऊन गेला होता. मी पाहिले. यादी सकाळी शेतकी अधिकाऱ्यांच्या संगणकावरून बदललेली होती आणि वर संचालकांचे सोयरे येऊन बसले होते. नावे हलवली, पण लागणीच्या तारखा जशाच्या तशा. पहिल्या नावाची लागण तिसाव्या नावाच्या नंतरची. लबाडीलासुद्धा थोडा अभ्यास लागतो.

मी फ्लॉपीवरची यादी परत चढवली. वाचण्याचा हक्क सगळ्यांना ठेवला, लिहिण्याचा फक्त स्वतःकडे. ऊसतोडणीच्या टोळ्यांना चार वाजता त्याच पानावरून चिठ्ठ्या निघायच्या होत्या. साडेतीनला अधिकारी आले.

"मास्तर, फाइल सेव्ह व्हईना. परवानगी न्हाई म्हणतंय."

"बरोबर म्हणतंय."

"सकाळी तर चालत व्हतं की."

"क्रम बदलायचा असेल तर लेखी द्या. लगेच बदलतो."

"लेखी कशाला? आपण काय परकं हाय का?"

मी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिले असावे, आणि निघून गेले.

चारला चिठ्ठ्या निघाल्या. दुसऱ्या सकाळी मामांच्या रानात टोळी उतरली. तिसऱ्या दिवशी मॉनिटरची वायर काढलेली होती आणि त्यावर 'बिघाड' अशी पाटी होती. यादी पुन्हा अधिकाऱ्यांच्या खणात गेली.

आठवड्याने मामा भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. वार्षिक सभा जवळ आली होती. मी त्यांना म्हणालो, "मॉनिटर का बंद केला, हे सभेत उठून विचारा. तुम्ही सभासद आहात, तुम्हाला तो हक्क आहे."

"माझा ऊस गेला की, मास्तर," ते म्हणाले. "आता त्या डब्याचं आपल्याला काय करायचंय?"

मी पिशवी त्यांच्या हातात परत दिली. त्यांना राग आला. त्यांना समजावून सांगण्याची मला मात्र इच्छा उरली नव्हती.