नऊ नंबरची बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे शेवाळताई म्हणत. तपकिरी समुद्रशेवाळाचे नखाएवढे तुकडे काचेच्या बाटल्यांत, गार कपाटात, तांबड्या दिव्याखाली वाढवायचे आणि दर तीन आठवड्यांनी निर्जंतुक केलेल्या ताज्या खाऱ्या पाण्यात हलवायचे, हे काम ती अठरा वर्षं करत होती. यातून औषधं निघणार, असं साहेब पाहुण्यांना सांगत. अठरा वर्षांत निघालं एक मलम, तेही कुणी लावलं नाही. पण तिच्या हाताखाली बाटली कधी नासली नाही, हे मात्र खरं.

नऊ नंबरची बाटली तिच्या धाकट्या भावाची. तो पाणबुड्या होता; प्रयोगशाळेसाठी समुद्राच्या तळावरून शेवाळ काढून आणायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने एक फांदी आणून दिली, तुझ्यासारखीच चिवट आहे म्हणून चिडवलं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. देहसुद्धा मिळाला नाही. तेव्हापासून ‘तो गेला’ असं घरात कुणी म्हटलं नव्हतं. तिचं बोलणंही आटलं. फक्त संध्याकाळी आई विचारायची, “नऊ नंबर कसा आहे?” मग चपला काढता काढता ती सांगू लागायची, किती वाढला, किती तुकडे केले, आणि दोघी जेवायला बसत.

नियम साधा होता: प्रत्येक वाणाची जोडबाटली, म्हणजे त्याच शेवाळाची दुसरी बाटली, शेजारच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची; एक नासली तर दुसरी असावी. तिथला सहकारी माणूस चांगला, पण हाताने धसमुसळा. एकदा त्याच्या हातून बाटली निसटताना तिने पाहिली आणि नऊ नंबरची जोडबाटली गुपचूप आपल्याच कपाटात आणून ठेवली. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिने. अति तिथे माती, हे खरं तर तिला कुणी शिकवायला नको होतं, तरीही.

या उन्हाळ्यात तीन दिवसांच्या सुट्टीत तिच्याच कपाटाचं गार ठेवणारं यंत्र बंद पडलं. दार उघडलं तर आत भट्टी, आणि सगळ्या बाटल्यांतलं शेवाळ पांढरंफटक. बाकी वाणांच्या जोडबाटल्या शेजारी सुखरूप होत्या. धसमुसळ्याच्या हातून एकही दगावली नव्हती. त्यानेच तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. वहीत नऊ नंबरपुढे ‘नष्ट’ लिहायला साहेब पुढे झाले, तेव्हा तिने पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं.

संध्याकाळी आईने नेहमीसारखं विचारलं. ती चपला न काढता दारातच उभी राहिली.

“आई, तो गेला.”

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. “अकरा वर्षं झाली, पोरी. मला काय ठाऊक नव्हतं? तू त्या बाटलीबद्दल तरी बोलायचीस, म्हणून विचारायचे मी.”

ती उंबऱ्यावर बसली आणि भावासाठी पहिल्यांदा रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. उद्या संध्याकाळी हिला काय विचारायचं, ते काही आईला सुचत नव्हतं.