टिपेश्वरातली आरोळी

कापूस वेचण्यात रुखमाबाईचा हात धरणारी बाई पांढरकवड्याच्या आसपास नव्हती, आणि आवाजात तर नव्हतीच नव्हती. टिपेश्वर अभयारण्याला लागून असलेल्या वावरांत वाघ येई. बाया वाकून वेचत तेव्हा रुखमाबाईचा एक डोळा झुडपांवर असे. पिवळं काही हललं की ती जेवणाचा डबा बडवत "हाऽऽ हुर्रर्र!" अशी आरोळी ठोकी आणि मागोमाग सगळी टोळी ओरडे. तिच्या टोळीतल्या एकाही बाईला वाघाचं नख लागलं नाही, हे ती कोणी विचारो न विचारो सांगायची. का सांगू नये?

बोंडअळीनं कापूस फस्त केला त्या वर्षी वेचायला काही उरलं नाही. तेव्हा तिची लेक ममता अभयारण्यात पर्यटकांना फिरवणारी जिप्सी चालवायला शिकली. गेटवरचे ड्रायव्हर हसले. "वाघ दिसला का पोट्टी गाडी सोडून पयते," असं नेमसिंग गाइडनं सांगूनच टाकलं. वनखात्याचे साहेब म्हणाले, आधी गावातल्या बाया फिरवून आण, मग तुला ड्रायव्हर म्हणायचं की नाही ते पाहू.

टोळीच गाडीत बसली. नेमसिंग ममताच्या शेजारी, रुखमाबाई तिच्या मागे. त्यानं बजावलं, "आत चूप राहा. गाडीत कोणी बोंबललं तर ड्रायव्हर आठ दिवस बंद. नियम हाय."

ज्या जंगलाकडे जन्मभर धास्तीनं पाहिलं, त्यातून या बाया आज ऐटीत बसून चालल्या होत्या. चितळ दिसले, रोही दिसले. रुखमाबाईला मात्र लेकीच्या स्टिअरिंगवरच्या हातांपुढे काही दिसत नव्हतं.

एका वळणावर वाघ रस्त्यातच बसलेला. ममतानं गाडी थांबवली. वाघ उठला आणि सरळ तिच्याकडे पाहू लागला.

रुखमाबाईच्या हातानं डबा कधी उचलला, तिलाच कळलं नाही. "हाऽऽ हुर्रर्र!" मागोमाग सगळ्या बाया! वाघ झुडपात पसार झाला. नेमसिंगनं कपाळाला हात लावला. ममता तेवढी जागची हलली नव्हती.

गेटवर रुखमाबाई रडकुंडीला आली. "सायेब, चुकी माही हाय. मले काय ते करा, पोरीचं नुकसान नोका करू."

"पोट्टी लय खंबीर हाय, सायेब," नेमसिंग पुटपुटला.

साहेबांनी ममताकडे पाहिलं. "नियम म्हणजे नियम. ड्रायव्हर आठ दिवस बंद. नवव्या दिवशी सकाळी गाडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी खवचटपणे विचारलं, "काहून वो, पोरगी घरीच?"

"घरीच हाय!" रुखमाबाई साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली. "चिल्लावली मी, पण शिक्षा झाली ड्रायव्हरले. सरकारनं माह्या लेकीले ड्रायव्हर मानलं, बाप्पा!"