बघितलंस की वाटलं?

कुणाच्याही घरात शिरताना बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत. चपला काढायच्या, हात मागे, मग उंबरठा. कुणी ‘बसा’ म्हटल्याशिवाय ते हात सुटत नसत. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या इमारतीत याचा अर्थ गर्व असा लावला गेला होता. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं. खरं कारण साधं होतं. मुंबईच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी झाली होती, आणि तिच्यातला बराच काळ जिथे काहीतरी भयंकर घडून गेलं आहे अशा खोल्यांत कशालाही हात न लावता शिरण्यात गेला होता. बाई निवृत्त झाल्या. हात झाले नाहीत.

त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या बायकोने मोठ्या उत्सुकतेने विचारलं, “आमच्या घराकडे बघून तुम्हाला काय काय कळलं हो?”

बाईंनी सगळीकडे नजर फिरवली. म्हणाल्या, “चहा होतोय.”

मी तेव्हा वसईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गुन्ह्याचा तपास म्हणजे भिंग घेऊन जमिनीवर रांगणारा माणूस, एवढीच आमच्या मुलांची कल्पना होती. शनिवारी दुपारी येऊन मुलांना या शास्त्राची ओळख करून द्याल का, असं मी बाईंना विचारलं. त्यांनी एकच अट घातली. “शाल-नारळ नको. एक खोली द्या आणि तिची किल्ली माझ्याकडे असू द्या.”

खोली जिमखान्यामागची मिळाली. पहिल्या शनिवारी बाईंनी तिथे खून केला. म्हणजे पोत्यात पेंढा भरून त्याला पीटीच्या सरांचा जुना ट्रॅकसूट घातला, बाजूला फुटका कप ठेवला, खिडकीखाली ओल्या मातीत बुटाचा ठसा उमटवला आणि कुंकू पाण्यात कालवून फरशीवर शिंपडलं. मग दार उघडून मुलांना म्हणाल्या, “हात मागे. काय दिसतंय?”

“प्रेमप्रकरण,” एकजण म्हणाला.

“बघितलंस की वाटलं?”

“वाटलं.”

“मग ते घरी ने. इथे नको.”

दुसऱ्याने खुनी बाहेरगावचा असल्याचं जाहीर केलं, तिसऱ्याने तो डावखुरा ठरवला. प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच आवाजात. शेवटी नायगावकडच्या मिठागरांतून येणारा जयेश बराच वेळ फरशीकडे बघून म्हणाला, “बाई, ह्ये रक्त नाय. पानी हाय, लाल.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “आज बघितलेलं सांगणारा हा पहिला,” त्या म्हणाल्या. जयेश पुढचे दोन आठवडे कॉलेजात जरा ताठ चालत होता.

दुसऱ्या तुकडीला घेऊन आम्ही परत गेलो तर खोली लख्ख. झाडूवाल्या मावशींनी ऑफिसातल्या जादा किल्लीने दार उघडून मयत कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं आणि फरशी पुसून काढली होती. “काय घाण केली होती पोरांनी,” त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र मुलांना आत घेतलं आणि शांतपणे सांगितलं, “हे घटनास्थळ आहे. पोलीस पोचायच्या आधी कुणीतरी मायेने आवरून ठेवलेलं. बहुतेक वेळा असंच मिळतं. करा सुरुवात.”

याच वर्गात गिरीजची प्रज्ञा राऊत होती. घरची केळीची आणि फुलांची वाडी. पहिल्या बाकावर बसायची आणि ‘वाटलं’ हे उत्तर तिने कधीच दिलं नाही. म्हणजे तोवर तरी.

त्या साली उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिचा मोठा भाऊ गेला. दुपारी वाडीतून आला, बायकोने दिलेलं कोकम सरबत प्यायला, उलट्या झाल्या आणि इस्पितळात नेईपर्यंत संपला. तिशीतला धडधाकट माणूस. आदल्या दिवशी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं, आणि केळीवर फवारायचं औषध पडवीतल्या कपाटात होतं. एवढं पुरलं. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचा नमुना, तपासणीला मुंबईला गेला, पण गिरीजमध्ये निकाल तेराव्याच्या आत लागला होता. वहिनीला तिचे भाऊ येऊन केळव्याला माहेरी घेऊन गेले.

पंधरा-वीस दिवसांनी प्रज्ञा शनिवारच्या वर्गाला आली. वर्ग संपल्यावर थांबली.

“बाई, उद्या पोलीस माझा जबाब घ्यायला येणार आहेत. आई म्हणते, वहिनीला ते कपाट उघडताना मी बघितलं असं सांग.”

बाई कुंकवाची डबी पिशवीत ठेवत होत्या. “तू बघितलंस?”

“मी कॉलेजात होते. पण तिनेच केलं असणार. दुसरं कोण होतं घरात?”

“मी तुला ते विचारलं नाही.”

प्रज्ञाचा बांध फुटला. शुद्ध बोलणारी ती मुलगी घरच्या बोलीत इतक्या वेगाने बोलायला लागली की मला निम्मं समजलं नाही. तो माझा भाऊ होता, तुमचं पोतं नव्हतं, एवढं समजलं. मी मध्ये पडणार होतो. बाईंनी बोटाने मला गप्प केलं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, “खोटं सांगितलंस तर आई खूश होईल. हेही खरं आहे. ठरव.”

एवढंच. पाठीवर हात नाही, उपदेश नाही. मला तेव्हा बाईंचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने जबाब दिला की ती कॉलेजात होती आणि तिने काहीही बघितलं नाही. त्या दिवसापासून आईने तिच्या ताटात वाढणं बंद केलं. प्रज्ञा स्वतः वाढून घ्यायची. आई उठून दुसऱ्या खोलीत जायची.

मुलांना मुंबईची प्रयोगशाळा दाखवायचं आधीच ठरलं होतं. तू येऊ नकोस, असं मी प्रज्ञाला सुचवलं. ती आली. सांगाडे बघायला मिळतील या आशेने आलेल्या बाकीच्यांची निराशा झाली. लाखेची सीलं मारलेल्या बरण्या, कापडात शिवलेली पुडकी, आणि आपला नंबर यायची वाट बघणारी कपाटंच्या कपाटं. तिथली माणसं बाईंना पाहून उठून उभी राहत होती. कुणी खुर्ची पुढे करत होतं, कुणी चहा मागवत होतं.

जयेशने विचारलं, “बाई, खुनी इथं सापडतो?”

“नाही. बाटलीत काय आहे ते सापडतं.”

बाहेरच्या बाकावर प्रज्ञा एकटी बसून होती. बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मी दारातच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“दादाचं इथंच असेल ना?”

“असेल.”

“तुम्ही विचारलंत तर ते लगेच सांगतील.”

“सांगतील. म्हणूनच विचारणार नाही.” बाईंनी पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला. मग बाई म्हणाल्या, “हे बघ. तुझ्या भावाला गाव ओळखतं, वहिनीला गाव ओळखतं, आईला ओळखतं. म्हणून सगळ्यांना सगळं माहीत आहे. आत जो बसलाय तो तुमच्यातल्या कुणालाच ओळखत नाही. असा एक तरी माणूस असू दे.”

मग त्यांनी डबा उघडला. दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी होती. एक पोळी तिच्या हातात दिली आणि ती खाऊन होईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिल्या. कुणीतरी प्रज्ञाला स्वतःच्या हाताने वाढल्याला तेव्हा बरेच दिवस झाले होते, हे बाईंना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

अहवाल दिवाळी उलटून गेल्यावर आला. विष आढळलं नाही. हृदयाची तपासणी वेगळी झाली होती. त्यात रक्तवाहिनी फार आधीपासून अरुंद होत गेलेली निघाली. कागद घेऊन प्रज्ञा बाईंच्या घरी धावत गेली. मी तिच्याबरोबर होतो. बाईंनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मग परत वाचली.

“म्हणजे वहिनीने काही केलं नाही,” प्रज्ञा म्हणाली.

“कागद तसं म्हणत नाही. विष सापडलं नाही आणि हृदय आजारी होतं, एवढंच म्हणतो.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

बाईंनी चष्मा काढला. “मला वाटतं, तू केळव्याला जावंस.”

त्यांच्या तोंडून ‘मला वाटतं’ मी तेवढं एकदाच ऐकलं.

प्रज्ञा केळव्याला गेली आणि वहिनीला घेऊन आली. आईने माफी वगैरे मागितली नाही. वहिनी पडवीत उभी राहिली तेव्हा आई मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, “जेवलीस?” वहिनी नाही म्हणाली. आईने तिघींची पानं घेतली.

पुढे वर्ग बंद झाला. बाईंचे गुडघे गेले, जिना सुटला. प्रज्ञा शिकली आणि सरकारी प्रयोगशाळेत लागली. हे बाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तिला सांगा, स्वेटर घेऊन जा. एसी फार असतो.”

काही वर्षांनी एका सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला. बाईंनी देहदान केलेलं होतं, त्यामुळे स्मशान, लाकडं, मंत्र असं काहीच नव्हतं. मेडिकल कॉलेजची गाडी इमारतीखाली पार्किंगमध्ये येऊन उभी होती. आम्ही आठ-दहाजण नेमकं काय करायचं हे न कळून भोवती उभे होतो. रडायलाही काही निमित्त लागतं.

गाडीचं दार लावायच्या बेतात असताना रिक्षातून प्रज्ञा उतरली. तिच्यामागून परडी घेऊन तिची वहिनी उतरली. परडीत वाडीतला मोगरा होता. ती सरळ गाडीपाशी गेली आणि अटेंडंटला म्हणाली, “जरा तोंडावरचं काढता का? मी यांना कधी बघितलं नाही.”

अटेंडंटने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने चादर खाली केली.

बारशाला पाळण्यात वाकून बघतात तशी वहिनी वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने परडी त्यांच्या उशाशी रिकामी केली.

“ताई, तिकडे गेल्यावर काढून टाकतील हो फुलं,” अटेंडंट म्हणाला.

“टाकू देत,” ती म्हणाली.