वहीतला बहाणा

लालबागच्या एका गिरणीच्या दवाखान्यात मी कारकून होतो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चा ठरला की अर्ध्या गिरणीचं पोट दुखतं, असं आमचा डॉक्टर दात काढून म्हणायचा.

एका मोर्च्याच्या आदल्या दिवशी साचेखात्यातला, म्हणजे मागांवरचा, एक विणकर कमरेवर हात दाबत आला. "कुशीत सुरी फिरतेय, साहेब." डॉक्टरने मेल्याने त्याला हातसुद्धा लावला नाही. "उद्या मोर्चा आहे ना? लिही रे, बहाणा." मी वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं. रजा मिळाली नाही, म्हणून विणकर तीन दिवस साच्यापुढे उभा राहिला आणि तिथेच कोसळला.

मग रजेच्या अर्जावर त्याची सही घ्यायला गिरणीने मला परळच्या हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या. "मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. जखम बुजवायला रक्तातल्या ज्या कणिका धावतात, त्याच तिथे गोळा होत गेल्या आणि उरलीसुरली वाटही बुजली. मूत्रपिंड मेलं. तीन दिवस काय करत होतात?"

विणकराची बोटं चादरीचे सुटलेले धागे ओढून, न बघता, एकमेकांना गाठी मारत होती. माझ्याकडे बघून तो शांतपणे म्हणाला, "एक धागा तुटला तरी आमी साचा बंद करतो, साहेब."

त्या डॉक्टरला मी अजून शिव्या घालतो. पण विणकराचं नाव विचाराल, तर मला आठवत नाही. त्या नावापुढे लिहिलेला 'बहाणा' तेवढा आठवतो, माझ्याच वळणदार अक्षरातला.