अंगणवाडीच्या ओट्यावरचा अर्धा तास

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या अर्णवच्या मांडीत पहिली सुई गेली, आणि दहा वाजून वीस मिनिटांनीच मी रडायला लागले. अर्णव माझ्यानंतर रडला.

सिस्टरनं मान वर करून विचारलं, "टोचलं कुणाला गं?"

वेळ एवढी पक्की लक्षात आहे, कारण सुईकडं बघवत नव्हतं म्हणून मी अंगणवाडीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे लावून उभी होते. अर्णव तेव्हा दीड महिन्याचा होता.

सुई झाली की लगेच घरी जायचं नाही, अर्धा तास ओट्यावर बसायचं, असा नियम आहे. लेकराला काही झालंच तर सिस्टर समोर असावी म्हणून. आता पाच-सहा बायका, मांडीवर रडून दमलेली लेकरं आणि वर अर्धा तास. किस्से साचणारच! एकीचा सांगून होत नाही तोवर दुसरीचा डोळ्यांदेखत घडतो. मी सातवीपर्यंत शिकलेली, लग्नानंतर किराण्याच्या चिठ्ठीपलीकडं काही लिहिलं नाही. पण आता हे किस्से पोटात मावेनात म्हणून लिहून काढते.

*

पहिला माझाच सांगते, म्हणजे बाकीच्यांना हसायची मोकळीक.

त्या दिवशी सिस्टरनं समजावून सांगितलं, की संध्याकाळपर्यंत ताप येईल, घाबरायचं नाही, हे औषध द्यायचं, सुईची जागा चोळायची नाही. मी घरी आले. दर थोड्या वेळानं अर्णवच्या कपाळाला हात लावायचा. कपाळ आपलं थंडच. दुपार झाली, तरी थंड.  म्हटलं, सुई लागूच पडली नाही की काय?

उन्हात लेकरू पदराखाली घेऊन परत अंगणवाडीत गेले. सिस्टर लसींचा निळा डबा बंद करून निघायच्या तयारीत होती. मी म्हटलं, "सिस्टर, ताप काहून येऊन नाही राहिला?"

सिस्टरनं शेजारी बसलेल्या आमच्या आशाताईकडं पाहिलं. म्हणाली, "ताप आला म्हणून भांडायला येणाऱ्या रोज येतात. आला नाही म्हणून आलेली ही पहिलीच."

तेव्हापासून ओट्यावर कुणाचं लेकरू रडायचं थांबलं, की बायका माझ्याकडं बघून विचारतात, "ताप न्हाई ना आला? मग जा बाई तक्रार घेऊन."

*

पुढच्या महिन्यातला किस्सा जुळ्यांचा. आमच्या गल्लीतली म्हातारी, गोदाआजी, तिच्या लेकीची दोन जुळी पोरं घेऊन आली. लेकीला ताप होता, म्हणून आजी एकटीच. एका काखेत एक, दुसऱ्या काखेत एक. दोघांना सारखी पिवळी झबली, डोळ्यांत सारखं काजळ, रडणंसुद्धा सारखं.

सिस्टरनं एकाला टोचलं. आजीनं त्याला उचललं, दुसऱ्याला पुढं करायला म्हणून दोघांना चटईवर टेकवलं, आणि पदर नीट केला. पदर नीट होईस्तोवर दोघं लोळून इकडचे तिकडं झाले.

सिस्टर सुई भरून तयार. म्हणाली, "आजी, झालेला कोणता?"

आजी बिनधास्त. "जो रडून राहिला तो."

दोघंही रडत होते.

सिस्टरनं सुई खाली ठेवली आणि दोघांच्या मांड्या उजेडाकडं करून बघितल्या. एकाच्या मांडीवर लाल ठिपका सापडला, तेव्हा कुठं दुसऱ्याला टोचलं.

संध्याकाळी हे मी घरी सांगितलं. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, मेंढरंवाले. अंगणात बसून काठीला तेल लावत होते. हसले नाहीत. म्हणाले, "मेंढराला टोचलं की आमी पाठीवर लाल बोट वढतो. टोचलेलं कोण, राह्यलेलं कोण, आंधळ्यालाबी कळतंय. माणसाच्या लेकराला काहून वढत न्हाईत?"

 ओट्यावर हे सांगितलं, तर बायका आपापल्या लेकरांच्या पाठी बघायला लागल्या.

*

आता आमच्या ह्यांचं. हे आमच्याकडं गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतात. आवाज असा, की हॉर्नची गरज पडत नाही. रस्त्यात ट्रकवाल्याशी भांडण झालं तरी हे खाली उतरतात, तो उतरत नाही.

एक दिवस जीपचं चाक बदलताना ह्यांच्या पायात गंजका खिळा घुसला. त्याच दिवशी मी अर्णवला दाखवायला सरकारी दवाखान्यात गेले होते आणि आशाताई माझ्यासोबत होत्या. हे लंगडत तिथंच आले. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन सांगितलं.

ह्यांनी बाही वर केली. तिथली सिस्टर म्हणाली, हात सैल सोडा. हे म्हणाले, सोडलाय. सिस्टर म्हणाली, हा सोडलेला हात आहे की खांब आहे? हे म्हणाले, सोडलाय म्हणतो ना. आणि तोंड भिंतीकडं. कपाळावर घाम. बाहेर जीपमधले प्यासेंजर खिडकीला नाक लावून बघत होते.

आशाताईंनी माझ्या हातातला अर्णवचा खुळखुळा घेतला, ह्यांच्या तोंडासमोर धरला आणि वाजवला.

हे हसले. हसण्यात हात सैल सुटला, सुई झाली.

आता जीपमध्ये कुणी भाड्यावरून कटकट केली की मागून दुसरा म्हणतो, "ड्रायव्हरला गरम करू नका रे, कुणाजवळ खुळखुळा हाय का बघा."

*

हा पुढचा किस्सा हसायचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळायचा नाही.

तिसऱ्या डोसाला कडक ऊन होतं. अर्णवला ताप आला, या खेपेला चांगला सणकून आला. मांडी सुजून लाल झाली. सिस्टरनं सांगितल्याप्रमाणं औषध दिलं, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. पण पाय हलवला की लेकरू असं कळवळायचं, की मामंजी उठून अंगणात गेले आणि तिथंच उभे राहिले.

आमच्या घरात सासूबाई नाहीत. लेकराच्या बाबतीत शेवटचा शब्द मामंजींचा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, सूज उतरली, अर्णव हसायला लागला. मामंजींनी त्याला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, झालं तेवढं बास. आता ह्याला कुणी सुई लावायची न्हाई."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण नऊ महिने भरले की द्यायची गोवराची सुई अजून राहिली होती. पलीकडच्या वस्तीवर एका पोरीला गोवर निघाला होता, ती किती दिवस दवाखान्यात होती ते मी बघून आले होते. ताप आला तरी मला भीती, सुई चुकली तरी भीती. आणि दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, रानं मोकळी झाली, की मामंजी मेंढरं चारायला गावोगाव निघतात. मी आणि अर्णवही सोबत जाणार होतो, कारण स्वयंपाकाला माणूस लागतं. नववा महिना नेमका तेव्हाच भरत होता.

*

पावसाच्या तोंडाला जनावरांचे डॉक्टर मेंढरांना टोचायला आले. मामंजी पहाटेच उठून मेंढरं घेऊन पहिल्या नंबरला उभे. मी भाकरी द्यायला गेले.

मेंढरं पुढं सरकेनात. मामंजींनी कळपातला सगळ्यात थोरला एडका ओढून आणला. त्याला म्होरक्या म्हणतात, कळप त्याच्या मागं चालतो. त्याला आधी टोचून घेतलं. पाठीवर तेलात कालवलेल्या गेरूचं लाल बोट ओढलं. मग बाकीची एकामागं एक आपोआप आली.

भाकरी खाताना मी हळूच विचारलं, "मामंजी, मेंढरं तर सगळी धडधाकट दिसत होती. मग काहून टोचली?"

मामंजी म्हणाले, "रोग आल्यावर टोचून काय उपेग?"

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाकरीचं फडकं झटकून घडी घालायला लागले. त्यानंतर पावसाळाभर अर्णवच्या सुईला त्यांनी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

*

मधे एक हसायचा सांगते. माझी नणंद कोमल दहावीला आहे. त्यांच्या शाळेत सोळा वर्षांच्या मुलामुलींना धनुर्वात-घटसर्पाची सुई द्यायला सिस्टर गेली. मुली भराभर घेऊन मोकळ्या झाल्या. मुलांच्या रांगेत पहिला उभा होता कबड्डीचा कॅप्टन. सगळ्या तालुक्यात कुणाच्या हाती लागत नाही असा.

पण त्या दिवशी त्याच्याएवढं सभ्य पोरगं शाळेत दुसरं नव्हतं. मागं जो उभा असेल त्याला म्हणायचा, "तू हो पुढं." तो झाला की त्याच्या मागच्याला, "तुला घाई असंल, तू हो." असं करत करत वर्ग संपला. उरला तो एकटा, आणि शेजारी हजेरी घेणारे सर.

कॅप्टन दोन पावलं मागं सरकून अदबीनं म्हणाला, "सर, आधी तुमी."

*

आणि हा शेवटचा.

दिवाळी झाली. मामंजींनी निघायचा दिवस ठरवला तो मंगळवार. सुईचा तोच मंगळवार. मी म्हटलं, बुधवारी निघालं तर चालंल का? मामंजी मेंढरं मोजायला उठले. मंगळवारी उजाडायच्या आत मेंढरं बाहेर काढून निघूनही गेले. हे म्हणाले, बाबा पुढं गेले असतील, दुपारी जीपनं तुम्हाला सोडतो.

मी अर्णवला घेऊन अंगणवाडीत गेले आणि ओट्यावर बसून राहिले. सिस्टरनं दोनदा हाक मारली. मी म्हटलं, थोडं थांबा. मामंजींचा शब्द मोडायला पाय उचलत नव्हता आणि घरी परत जायलाही उचलत नव्हता. बायका सुया घेऊन, अर्धा तास बसून निघून गेल्या. डब्यातली लस अजून गार आहे ना, म्हणून सिस्टर बर्फाच्या पाकिटांना हात लावून बघायला लागली. आशाताई माझ्याशेजारी येऊन बसल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मेंढरं हाकायची ओळखीची शीळ आली.

बघते तर पुढं आठ-दहा लेकरं, काही आयांच्या कडेवर, काही चालती, आणि मागं काठी आडवी धरून मामंजी. गावाबाहेर ज्या मेंढरंवाल्यांचे वाडे, म्हणजे मुक्काम, पडले होते आणि जे दुसऱ्या दिवशी पुढं जाणार होते, त्यांच्यात आपली मेंढरं सोडून त्या सगळ्यांची गोवराची सुई राहिलेली लेकरं हाकत आणली होती. एक बाई म्हणत होती, मामा, आमी पुढच्या गावाला घेऊ की. मामंजी म्हणाले, "पुढच्या गावाला पुढचं. चाल."

ओट्याशी आले. लेकरं बिचकून थांबली. एकही आत जाईना. मामंजींनी हात पुढं केला आणि माझ्या मांडीवरून अर्णवला उचललं.

"आधी आपला घ्या, बाई," ते सिस्टरला म्हणाले. "म्होरक्याला टोचल्याबिगर बाकीची येत न्हाईत."

अर्णवच्या दंडाला सुई गेली. तो भोकाड पसरून रडला. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते, पण लेकरू घट्ट धरलं होतं. मग खांद्यावरच्या झोळीतून त्यांनी डबा काढला. तेलात कालवलेला गेरू. त्यात बोट बुडवून अर्णवच्या झबल्याच्या पाठीवर लाल रेघ ओढली. बाकीची लेकरं एकामागं एक आत गेली, बाहेर आली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर लाल बोट. एक आई म्हणाली, मामा, दिवाळीचा नवा ड्रेस हाय. मामंजी म्हणाले, "म्हणूनच तर उठून दिसंल."

शेवटचं लेकरू झालं. मामंजी वळले आणि माझ्यासमोर थांबले. मी पदरानं डोळे पुसत होते. त्यांनी डब्यात बोट बुडवलं आणि माझ्याही पदरावर एक लाल रेघ ओढली.

सिस्टर म्हणाली, "अहो बाबा, तिला नाही टोचलं."

मामंजी डब्याचं झाकण लावत म्हणाले, "रडून राहिली की. झालेलीच धरा."

तो पदर मी किती वेळा धुतला, रेघ गेली नाही. ती लेकरं तर आता कुठल्या कुठं गेली असतील. एखाद्या गावच्या रानात मेंढरंवाल्याचा वाडा दिसला, तर तुम्ही तिथल्या आयांना एवढा निरोप द्या: सुयांचं कार्ड जवळ ठेवा, ज्या गावात असाल तिथल्या अंगणवाडीत जा, लेकराची राहिलेली सुई तिथंही देतात. आणि तिथल्या सिस्टरला सांगा, लाल पाठीचं लेकरू आलं तर गोवराची पहिली सुई झालेली आहे, कार्ड बघून पुढची द्या.