चार दिवस अलीकडची मुलगी

हे मी आजवर कुणापाशीच बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. क्लबात तर नाहीच — तिथं मला मान आहे. नियमाला पक्की बाई, असं म्हणतात माझ्याबद्दल. ते ऐकताना मी खाली बघते आणि लोकांना तो विनय वाटतो.

कोल्हापूरचा फुटबॉल तुम्हाला ठाऊक असेल. पेठापेठांत संघ, मोठ्या सामन्याला निम्मं गाव मैदानावर, आणि हरलेल्या पेठेत संध्याकाळी चहाच्या गाड्यावरसुद्धा शांतता. पण हे सगळं पोरांचं. आमच्या क्लबात मुलींचा संघ मी उभा केला, शाळेतली खेळाच्या शिक्षिकेची नोकरी सांभाळून. पोरांचं झालं की आम्हाला मैदान मिळायचं. जर्सी त्यांच्याच, जुन्या. तरी मुली यायच्या. त्यांत एक पूनम आली.

तिचे वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. आई तिथल्याच एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. पूनम दिसायला काटकुळी, पण चेंडू पायाशी येण्याआधीच तिला कळलेलं असायचं, तो पुढं कुणाला द्यायचा. हे शिकवून येत नाही. मला कधी आलं नाही.

इथूनच सुरू होतं ते.

एकदा मी मुलींना कॉर्नर कसा घ्यायचा ते दाखवत होते. मी शिकले होते तसंच. पूनम सहज म्हणाली, "मॅडम, आता असं कोण मारत न्हाय ओ." पोरी फिसकन हसल्या. उद्धटपणा नव्हता तिच्या बोलण्यात — असता तर बरं झालं असतं, मला रागवता तरी आलं असतं. पुढच्या सामन्यात तिनं तिच्या पद्धतीनं कॉर्नर मारला आणि गोल झाला. आमचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमच्या पुढं गेली की!" मी पण हसले. टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून ती मला सलत होती. चौदा वर्षांची पोर. माझ्या लहानपणी मला घरच्यांनी मैदानावरून ओढत नेलं होतं, माझा खेळ तिथंच संपला होता — पण हे कारण म्हणून सांगत नाही. खेळ सुटलेल्या कितीतरी बायका असतील. त्या सगळ्या माझ्यासारखं वागतात का?

मग संघटनेनं स्पर्धेचा नियम बदलला. आधी वयाचा गट जानेवारीपासून मोजायचे. त्या वर्षी ठरलं की शाळेच्या वर्षाप्रमाणं जूनपासून मोजायचा. म्हणजे पंधरा वर्षांखालच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या, जानेवारी ते मेमध्ये जन्मलेल्या मुली एकदम वरच्या गटात ढकलल्या गेल्या. आमच्याकडं वरच्या गटाचा संघच नव्हता, तेवढ्या मुली नव्हत्या. पूनमचा जन्म मे महिन्याच्या अगदी शेवटचा. चार दिवसांच्या फरकानं ती बाहेर पडत होती.

आणि त्याच वर्षी स्पर्धेला बाहेरच्या अकादमीची माणसं येणार होती, मुली निवडायला. राहणं, शिक्षण, खेळ, सगळं तिथंच. पूनमच्या वडिलांनी तिला बजावलं होतं की यंदा काही झालं तर झालं, नाहीतर मैदान बंद.

स्पर्धेच्या आधी सगळ्या क्लबांच्या प्रशिक्षकांची बैठक झाली. बऱ्याच जणांनी आरडाओरडा केला, आमची निम्मी पोरं जातात म्हणून. शेवटी संघटनेच्या माणसानं सांगितलं की गेल्या वर्षी जी मुलं-मुली या गटात खेळली, त्यांना यंदापुरती सवलत. "आपापल्या पोरांना तेवढं कळवा," म्हणाला.

मी तिथं होते. पुढच्याच रांगेत बसले होते. मी ते नीट ऐकलं. पूनम गेल्या वर्षी याच गटात खेळली होती.

विसरले असं म्हणू शकले असते. काही दिवस मी स्वतःला तसंच सांगत होते — उद्या सांगू, सरावाला सांगू. पण विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी मैदानावर पूनम धावत आली. "मॅडम, काय झालं मीटिंगमध्ये?" तिच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, तशीच धावली होती. मी म्हणाले, "नाही गं. नियम म्हणजे नियम."

किती सोपं होतं! आवाजसुद्धा हलला नाही माझा.

ती रडली नाही. बूट काढले, पिशवीत घातले आणि अनवाणी घरी गेली.

दोन दिवसांनी तिची आई आली. कॅन्टीनमधून सरळ, साडीला पीठ तसंच. मैदानाच्या कडेला उभी राहून माझी वाट बघत होती. तिला नियमाबद्दल भांडायचंच नव्हतं. ती वेगळंच सांगायला आली होती.

"मॅडम, चूक माझीच हाय. पोटात बाळ आडवं होतं, शिजर करायचं ठरलंतं. डाक्टरनी दोन दिवस दिलते, एक मेतला, एक जूनमधला. म्हणालते, कुठलाबी धरा. मीच म्हटलो, अलीकडचा धरा, सुटू दे एकदा. उकाड्यानं जीव गेलता माझा." मग म्हणाली, "पोरगी बोलंना झालीया माझ्याशी. म्हणती, चार दिवस कळ काढता आली न्हाय व्हय तुला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काय हवं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही. कुणीतरी म्हणायला हवं होतं — वहिनी, असं काही नसतं, तुमचा काय दोष त्यात? परकी बाईसुद्धा एवढं म्हणाली असती. आणि माझ्याजवळ तर त्याहून मोठं होतं. एक वाक्य. पूनमला उद्या पाठवा, एवढंच.

मी म्हणाले, "काय करणार वहिनी? चार दिवसांचाच तर प्रश्न होता."

हे मी बोलले. याच तोंडानं. तिनं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि "व्हय की," म्हणून निघून गेली. नियमानं पोरीला बाहेर काढलं असं मी म्हणू शकेन एखाद्या वेळी. पण त्या बाईच्या डोक्यावर ते ओझं कुठल्या नियमानं ठेवलं?

स्पर्धा झाली. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. पूनम बघायला आली होती, तारेच्या कुंपणापलीकडं उभी होती. दुसऱ्या संघातली एक मुलगी तिच्या ओळखीची, एप्रिलमध्ये जन्मलेली, आणि ती खेळत होती. पूनमनं मला गाठून विचारलं, "ती कशी काय खेळतीया मॅडम? माझ्यापेक्षा मोठी हाय ती."

अजून वेळ होता का तेव्हा? नव्हता, संघ हरला होता. पण खरं सांगायला वेळ होता. आईबद्दलचा तिचा राग तिथल्या तिथं पुसला गेला असता.

मी म्हणाले, "त्यांनी काहीतरी लबाडी केली असेल. आपण लबाडी करायची नाही."

आणि तिला ते पटलं. आपली मॅडम खरी, म्हणून पटलं. त्या एप्रिलच्या मुलीला अकादमीनं निवडलं नाही, म्हणजे पूनमला निवडलं असतंच असं नाही — हा हिशेब मी पुष्कळदा मांडलेला आहे. त्यानं काहीही हलकं होत नाही.

वडिलांनी मैदान बंद केलं. पूनम बारावी होऊन पुण्याला गेली, आता तिथं एका दवाखान्यात नोकरी करते. सणाला येते, एक दिवस राहते. फोन वडिलांना करते, आईला नाही. हे मला तिच्या आईनंच सांगितलं. बाजारात भेटली की थांबते, माझी चौकशी करते. एकदा म्हणाली, "तुमी लई केलासा मॅडम पूनमसाठी. माझंच नशीब आडवं आलं." मी हातातली कोथिंबीर निवडत राहिले. तेव्हाही बोलले नाही. का? मान जाईल म्हणून. दुसरं काही कारण नाही.

गेल्या महिन्यात ती धाकटीला घेऊन क्लबात आली. पूनमच्या पाठची मुलगी, तिच्यापेक्षा बरीच लहान. पोरगी आईचा हात सोडून केव्हाच चेंडूमागं गेली होती. आई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "हिची तारीख आधी बघा मॅडम. बसत नसंल तर आत्ताच सांगा. पोरीला आशा लावून परत मागं फिरवायला नको. एकदा झालं तेवढं बास."

मी तारीख विचारली. बसत होती.

"बसतंय," मी म्हणाले.

तिनं भर मैदानात वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तो लावू दिला.