बॉयलरपाशी उभा हरिचंद्र

चामटोलीचा हरिचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात बावीस वर्षं बॉयलर चालवतो आहे. कापड रंगवायचं, वाळवायचं, सगळं त्याच्या वाफेवर. कोळसा ओढणारा मजूर म्हणून तो लागला, परीक्षा देऊन सरकारी सर्टिफिकेट मिळवलं आणि मग गावातल्या एकेकाला तिथे चिकटवत गेला. अठरा माणसं. त्यात शेजारची बनूबाई होती, सख्खा भाचा सनीही होता.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या लक्षात आलं की सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय. प्रेशर वाढलं की तो आपोआप उघडून वाफ बाहेर सोडतो. तोच अडकला तर बॉयलर म्हणजे बॉम्ब.

"नवा मागवलाय," मॅनेजर उन्मेष म्हणाले. "तोवर सांभाळून चालव."

"साहेब, यात सांभाळायचं काय? भिंतीपलीकडे आमचीच माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी त्याने बॉयलर पेटवलाच नाही.

नेमकं त्याच आठवड्यात तळोज्याच्या एका कंपनीने त्याला नोकरीला बोलावलं होतं. नवे बॉयलर, आणि इंजिनीअरच्या परीक्षेला बसायची मुभा. ही परीक्षा पंचविशीपासून त्याच्या डोक्यात होती. आधी बापाचं आजारपण, मग बहिणीचं लग्न, ती राहूनच गेली. आता पत्नी श्रद्धाने त्याचे कागद एका पिशवीत काढून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी अठराच्या अठरा जण त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले. कारखाना बंद, सगळे घरी.

"हरचंदा, तूच आमाला नेलंस," बनूबाई म्हणाली, "आनि तूच घालवतोस?"

"काकी, तो फुटंल."

"आजवर फुटला काय? बंद पडला तर या वयात मना कोन घेनार?"

 सनी मामाकडे न बघता गेटबाहेर जाऊन उभा राहिला. तेच हरिचंद्रला जास्त लागलं.

संध्याकाळी उन्मेष साहेबांचा फोन आला. आवाज शांत होता. "तुझी मर्जी. उद्या ठेकेदाराचा माणूस पेटवेल."

"त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे?"

"शिकेल."

सरकारी बॉयलर ऑफिसात तक्रार केली तर कारखान्याला टाळं, आणि गावात तोंड दाखवायला जागा नाही. तळोज्याला गेलं तर त्या अडाण्या हातात अठरा जीव. तो पायरीवर बसून होता. श्रद्धा जवळ आली. "जाताय ना तळोज्याला?" तिने विचारलं. त्याने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. सकाळी तो अंबरनाथच्या रिक्षात बसला, तेव्हा कळलं.

बॉयलर त्यानेच पेटवला. नेहमीचं आठ किलोचं प्रेशर पाचावर धरलं. भिंतीलगतची कापडाची टेबलं सनीकडून दुसऱ्या टोकाला हलवून घेतली. जेवायलासुद्धा तो प्रेशर दाखवणाऱ्या गेजसमोरून उठत नाही. डबा उभ्यानेच खातो. तळोज्याहून दोनदा फोन आला, मग यायचा थांबला.

नवा व्हॉल्व्ह अजून आलेला नाही. कापड नीट वाळत नाही म्हणून सुपरवायझर रोज ओरडतो. काल बनूबाईसुद्धा दारात येऊन म्हणाली, "वाईच वाढव की रं वाफ, आमाला बोलनी बसत्यात."

"नाय वाढवनार, काकी," तो म्हणाला. काट्यावरची नजर त्याने काढली नाही.